लाल अंबाडीच्या सुक्या बोंडांचे थंडगार सरबत

बाजारात ‘अंबाडीची सुकी फुले’ या नावाने जे गडद लाल, सुरकुतलेले आणि जिभेवर ठेवताच डोळे मिटायला लावणारे आंबट द्रव्य मिळते, ते काटेकोरपणे पाहिले तर फूल नव्हेच. लाल अंबाडीचे खरे फूल फिकट पिवळे आणि मध्यभागी गर्द तांबडे असते. ते सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. फूल गळाल्यावर त्याच्या तळाशी असलेली निदले वाढू लागतात, मांसल होतात आणि आतल्या बियांच्या बोंडाला मुठीत धरल्यासारखी वेढून बसतात. ही लाल निदले सोलून वाळवली की आपली ‘सुकी फुले’ तयार होतात. घरोघरी त्यांना बोंडेच म्हणतात आणि पुढे मीही तोच शब्द वापरणार आहे.

वनस्पतिशास्त्रात या झाडाचे नाव हिबिस्कस सब्डारिफा असे आहे. भेंडी, कापूस आणि जास्वंद ही त्याची भावंडे. इजिप्त आणि सुदानमध्ये याच बोंडांच्या पेयाला कर्कदे म्हणतात, सेनेगलमध्ये ते बिसाप या नावाने पुदिना घालून पितात, तर मेक्सिकोत त्याचे नाव आग्वा दे हामायका असे आहे. आपल्याकडे अंबाडी म्हटले की ज्वारीच्या कण्या घालून केलेली, वरून लसणाची फोडणी ओतलेली पालेभाजी आठवते. कर्नाटकाच्या सीमेकडे तिला पुंडी म्हणतात. पाल्याचा मान मोठा असल्यामुळे बोंडे मात्र चटणीपुरती उरली, आणि उन्हाळ्यात कोकम, पन्हे व लिंबू यांच्या रांगेत त्यांच्या सरबताला मिळावी तशी जागा मिळाली नाही. करायला ते पन्ह्यापेक्षाही सोपे आहे. फक्त घाई करून चालत नाही.

बोंडे कशी निवडावीत

आमच्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या किराणा आणि मसाल्याच्या दुकानांत किंवा काष्ठौषधी विकणाऱ्यांकडे चौकशी केल्यास सुकी बोंडे मिळू शकतात. मागताना नुसते ‘हिबिस्कस’ म्हणू नये. मी एकदा त्याच नावाने एक पुडी आणली, रात्रभर भिजवली आणि सकाळी चाखली, तेव्हा जिभेला आंबटपणाचा मागमूस लागला नाही, केवळ बुळबुळीतपणा जाणवला. ती जास्वंदीच्या पाकळ्यांची पुडी होती. दुकानदाराची चूक म्हणता येत नाही, कारण जास्वंदही हिबिस्कसच आहे. ओळख अगदी सोपी आहे: जास्वंदीची सुकी पाकळी कागदासारखी पातळ, चुरगळलेली आणि चवीला जवळजवळ निर्गुण असते, अंबाडीचे बोंड जाड, चिवट, टोकाला अणकुचीदार आणि स्पष्ट आंबट असते. विकत घेण्यापूर्वी एक तुकडा तोंडात टाकून पाहण्याची परवानगी मागावी.

चांगले बोंड गडद तांबडे, थोडे जांभळट आणि शक्य तितके अखंड असते. तपकिरी पडलेला माल जुना किंवा कडक उन्हात वाळवलेला समजावा. त्यात आंबटपणा राहतो, पण रंग आणि फळासारखा गंध उडालेला असतो. पुडीच्या तळाशी भुकटी फार असेल तर ती टाळावी, कारण मातीही तिथेच साचते. रंग वरून लावल्याचा संशय आला, तर घरी एक साधी चाचणी करता येते. चमचाभर अर्कात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. बोंडाचा नैसर्गिक रंग अँथोसायनिन या गटातील द्रव्यांचा असतो. आम्लात तो लाल दिसतो आणि सोड्यासारख्या अल्कलीने निळसर, हिरवट होतो. अर्क लालच्या लाल राहिला, तर तो लाल बोंडाचा नसून डब्यातल्या रंगाचा असण्याची शक्यता मोठी.

ज्यांच्या शेताच्या बांधावर किंवा परसात लाल अंबाडी आहे त्यांनी बोंडे स्वतः वाळवावीत, हे सर्वांत उत्तम. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरलेली अंबाडी दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते आणि दिवाळीच्या आसपास बोंडे भरू लागतात. फूल गळाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत, बोंड भरदार पण अजून कोवळे असताना ते काढावे. नखाने सहज मोडले पाहिजे. देठाकडून चकतीसारखा काप देऊन आतील बियांचे हिरवे बोंड ढकलून काढले की लाल निदले अखंड सुटतात. ती धुऊन, पुसून, स्वच्छ फडक्यावर एकेरी पसरून हवेशीर सावलीत वाळवावीत. कडक ऊन रंग खाते, म्हणून गच्चीवर टाकायचीच असतील तर वरून पातळ सुती कापड घालावे. वाकवल्यावर लवचीकपणे दुमडण्याऐवजी कटकन मोडू लागली की ती वाळली असे समजावे. किलोभर ताज्या निदलांची साधारण शंभर ग्रॅम सुकी निदले उरतात, तेव्हा टोपलीभर बोंडे सोलून मूठभर माल हाती आला म्हणून खट्टू होऊ नये. आपल्याकडे, विशेषतः राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूला, पावसाळ्यातील हवा इतकी ओली असते की सैल झाकणाच्या डब्यात ठेवलेली बोंडे आषाढातच मऊ पडतात आणि त्यांना बुरशी धरते; म्हणून घट्ट झाकणाची काचेची बरणी, आणि तीही अंधाऱ्या फडताळात, हे पथ्य पाळावे.

भांडे आणि पाणी

या सरबतात चूक होते ती बहुधा इथे. बोंडांत सायट्रिक, मॅलिक आणि त्यांचे स्वतःचे असे एक हिबिस्कस आम्ल असते. अर्क जवळजवळ लिंबाच्या रसाच्या पंगतीला बसेल इतका आंबट असतो. तांबे आणि पितळ यांच्याशी हे आम्ल अभिक्रिया करते. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने आजीच्या पितळी पातेल्यात बोंडे भिजवली. कल्हई उडालेली होती, आणि सकाळी अर्काला धातूची अशी कडवट चव आली होती की सगळे मोरीत ओतावे लागले. चवीपेक्षाही गंभीर बाब म्हणजे अशा भांड्यातील तांबे पेयात उतरते आणि त्याने मळमळ व उलट्या होऊ शकतात. ॲल्युमिनियमचे टोप आणि लोखंडी कढई हीदेखील वर्ज्य समजावीत; लोखंडात तर रंग काळपट होतो. काच, चिनी मातीची बरणी किंवा चांगले स्टील, एवढेच वापरावे.

मातीच्या माठाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण थंड पेय म्हटले की हात आधी माठाकडे जातो. माठ पाणी गार करतो तो त्याच्या सच्छिद्रपणामुळे: पाणी भिंतीतून झिरपते, बाहेर बाष्प होऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. त्याच छिद्रांत आंबट, रंगीत, गोड सरबत शिरले की ते पुन्हा निघत नाही. माठाला वास लागतो, साखर आंबते आणि तो माठ पाण्याला कायमचा मुकतो. म्हणून माठातले पाणी सरबतासाठी जरूर वापरावे, सरबत मात्र माठात ओतू नये. चैत्रातल्या कोरड्या दिवसांत माठाचे पाणी पुरेसे गार मिळते. वळवाच्या सरी येऊ लागल्या आणि हवेत दमटपणा आला की बाष्पीभवन मंदावते आणि फ्रिजचा आधार घ्यावाच लागतो.

पाण्याचा जडपणाही पाहावा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि ते बहुधा अल्कलीकडे झुकलेले असते. अशा पाण्यात अर्काचा रंग मंद, जांभळट होतो. नळाचे पाणी उकळून गार केलेले असावे, हे बरे. बोअरचेच पाणी हाताशी असेल तर भिजवतानाच अर्ध्या लिंबाचा रस पिळावा, रंग पुन्हा उजळतो.

कृती

एक लिटर सरबतासाठी 25 ग्रॅम सुकी बोंडे घ्यावीत. स्वयंपाकघरात वजनकाटा नसेल तर मध्यम आकाराची एक वाटी न दाबता भरावी, साधारण तेवढेच वजन भरते. त्याशिवाय 80 ते 100 ग्रॅम खडीसाखर, बोटाच्या पेराएवढे आले, दोन वेलदोडे आणि चिमूटभर सैंधव, इतकेच साहित्य लागते.

प्रथम बोंडे पसरट ताटात ओतून निवडावीत. काड्या, बियांचे तुकडे आणि खडे हमखास निघतात. नंतर ती चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली आठ-दहा सेकंद धुवावीत आणि लगेच निथळावीत. तांदळासारखी चोळून तीन-तीन पाण्यांत धुण्याचा मोह टाळावा, कारण रंग पहिल्याच स्पर्शाला सुटू लागतो आणि दुसऱ्या पाण्याबरोबर निम्मे सरबत वाहून जाते.

यापुढे लोकांचे दोन पंथ आहेत. काही जण बोंडे सरळ पाण्यात घालून दहा-पंधरा मिनिटे खळखळून उकळतात, काही जण गार पाण्यात रात्रभर ठेवतात. उकळल्याने रंग आणि आंबटपणा झटपट उतरतो हे खरे, परंतु फार वेळ उकळत्या आचेवर ठेवल्यास अँथोसायनिन मोडू लागतात, तजेलदार लाल रंग विटकरीकडे झुकतो आणि चवीत तुरटपणा व शिजवलेल्या पाल्याचा वास येतो. निव्वळ गार पाण्यात चव उत्तम उतरते, बोरासारखी आणि थोडी करवंदासारखी. पण उघड्या पोत्यातून आलेल्या मालावर धूळ आणि जंतू असू शकतात, आणि गार पाणी त्यांचे काहीही करत नाही. अनेक उन्हाळे दोन्ही करून पाहिल्यावर मी मधला मार्ग धरला आहे.

पाव लिटर पाणी खळखळून उकळावे, त्यात ठेचलेले आले आणि वेलदोडे टाकून गॅस बंद करावा. काचेच्या बरणीत ठेवणार असाल तर हे काम स्टीलच्या पातेल्यातच करावे, गार बरणीत उकळते पाणी ओतल्यास ती तडकते. उकळते पाणी बोंडांवर ओतून वर झाकण ठेवावे आणि पाच मिनिटे थांबावे. बोंडे फुगतात, मऊ होतात आणि पाणी गर्द माणकासारखे होते. आता त्यात उरलेले पाऊण लिटर उकळून गार केलेले पाणी घालावे, पातेले निवल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि सहा ते आठ तास त्याकडे पाहू नये. रात्री नऊला भिजत घातले की सकाळच्या चहापर्यंत अर्क तयार होतो. बारा तासांपुढे ठेवून काही विशेष मिळत नाही, उलट बोंडे विरघळून अर्क गढूळ होऊ लागतो.

गाळण्यासाठी आधी चाळणी आणि मग दुहेरी मलमल वापरावी. बोंडे हलकेच दाबावीत. चक्का करण्यासाठी दही बांधतो तशी पिळून काढू नयेत. जोरात पिळले की बारीक गर आणि चिकटपणा खाली उतरतो, कारण भेंडीच्या कुळाचा बुळबुळीत गुण थोडाफार यांच्यातही असतोच. गाळलेला अर्क अर्धा तास स्थिर ठेवून वरचे वर ओतून घेतला तर तळाला उरलेली बारीक वाळूही सुटते. दातांखाली कचकचणारे सरबत पाहुण्याला दिल्याचे दुःख ज्याने अनुभवले आहे, तो ही पायरी कधी गाळत नाही.

गोडवा

खडीसाखर गार अर्कात विरघळत नाही, तळाला खडे राहतात आणि पहिला पेला आंबट तर शेवटचा मिट्ट गोड होतो. म्हणून खडीसाखर कुटून अर्धी वाटी गरम पाण्यात विरघळवावी, गार करावी आणि मग अर्कात थोडी थोडी घालत चव घ्यावी. दर वर्षीच्या बोंडांचा आंबटपणा सारखा नसतो, तेव्हा प्रमाण डोळे मिटून पाळू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी: गार झाल्यावर जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून कोमट असताना किंचित जास्त गोड वाटणारे सरबत थंड झाल्यावर बरोबर लागते. शेवटी सैंधव घालावे. ते खारटपणासाठी नसून आंबटाची धार बोथट करण्यासाठी आहे. चव खारट लागली तर ते जास्त झाले.

कोल्हापुरात राहून साखर घालता, गूळ का नाही, हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. गुळाचे सरबत वाईट लागत नाही. त्याला एक मातीचा, उसाच्या मळीचा खमंग सूर येतो आणि घरच्यासाठी मी तेही करतो. मात्र गुळाने रंग जांभळट तपकिरी होतो आणि बोंडाचा नाजूक गंध दबून जातो. गूळ वापरायचाच असेल तर फिकट पिवळ्यापेक्षा गडद रंगाचा, कमी रसायने घातलेला घ्यावा, तो पाण्यात वितळवून, गाळून, गार करूनच मिसळावा आणि आल्याचे प्रमाण दुप्पट करावे. गंमत अशी की गुऱ्हाळात उसाच्या रसाची मळी वर आणण्यासाठी परंपरेने रानभेंडीचा चिकट रस वापरतात, म्हणजे अंबाडीचे कूळ गुळाला तिथूनच ओळखते.

थंड करणे आणि वाढणे

बर्फाचे तुकडे घातले की दहा मिनिटांत सरबत पाणचट होते. यावर उपाय असा की, तयार सरबतातलेच दोन पेले बर्फाच्या साच्यात ओतून गोठवावेत आणि तेच लाल खडे पेल्यात टाकावेत; ते वितळले तरी चव ढळत नाही. बाहेरून लादीचा बर्फ आणायचा असेल तर तो पेल्यात टाकू नये, भांड्याच्या बाहेरून लावावा, कारण तो पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही.

पेल्यात आधी भिजवलेला सब्जा चमचाभर घालावा, वर सरबत ओतावे आणि पुदिन्याची दोन पाने तळहातावर चापटून टाकावीत. आमच्याकडे तांबडा रंग समोर आला की जीभ आपोआप रश्श्याची तयारी करते, म्हणून काही जण त्यावर चिमूटभर मिरपूड आणि काळे मीठ भुरभुरतात. मला प्रथम ते आगाऊपणाचे वाटले होते, आता मीही घालतो. दूध मात्र यात कदापि घालू नये आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे दूध पिऊन आल्या आल्या हे सरबतही पिऊ नये. पोटात काय होईल ते सोडा, पण पेल्यात दोन्ही एकत्र आले तर आंबटाने दूध त्याच क्षणी फाटते.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेसारख्या प्रसंगी पंचवीस माणसांना द्यायचे असेल, तर 200 मिलिलिटरच्या पेल्याच्या हिशेबाने पाच लिटर सरबत लागते आणि त्याला 125 ग्रॅम बोंडे पुरतात. हे सरबत कपड्यावर सांडले की डाग पडतो. तो लगेच गार पाण्याने धुवावा. साबण आधी लावला तर साबणाच्या अल्कलीने डाग निळसर होतो आणि माणूस घाबरतो. गुलालाने न्हालेल्या सदऱ्यांना अर्थात त्याचे काही वाटणार नाही.

टिकवण

तयार सरबत फ्रिजमध्ये तीन दिवस उत्तम राहते. चौथ्या दिवशी वास घेऊन पाहावा. फेस, बुडबुडे किंवा ताडीसारखा वास आला तर टाकून द्यावे. संपूर्ण उन्हाळ्यासाठी करायचे असेल तर घट्ट अर्क करावा. 200 ग्रॅम बोंडांना पावणेदोन लिटर पाणी घेऊन वरीलप्रमाणेच भिजवावे व गाळावे. जितका अर्क निघेल त्याच्या दीडपट वजनाची साखर त्यात घालून मंद आचेवर फक्त साखर विरघळेपर्यंत ढवळावे, एक उकळी आली की उतरवावे आणि उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेल्या कोरड्या बाटल्यांत भरावे. इथे साखरेत काटकसर करू नये, कारण टिकवण्याचे काम तीच करते. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन महिने निर्धास्त जातात. पिताना एक भाग अर्काला पाच भाग गार पाणी घ्यावे.

कोणी जपून प्यावे

बोंडांच्या काढ्याने रक्तदाब थोडा उतरतो, असे माणसांवरील अनेक चाचण्यांत दिसले आहे. याचा अर्थ गोळ्या सोडून सरबत प्यावे असा मुळीच नाही; उलट रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी रोज पिण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मलेरियासाठी क्लोरोक्विन घेत असताना ते टाळावे, त्याने औषधाचे शोषण कमी होते. गर्भारपणात पिऊ नये. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी उपाशीपोटी घेऊ नये, आणि दातांच्या आवरणाच्या काळजीपोटी प्यायल्यावर सर्वांनीच साध्या पाण्याने चूळ भरावी. लगेच दात घासू नयेत.

उरलेली बोंडे

गाळून उरलेल्या बोंडांत अजून बराच आंबटपणा शिल्लक असतो. त्यांतून आल्याचा तुकडा आणि वेलदोड्याची साले वेचून काढावीत. बोंडे बारीक चिरावीत, चमचाभर तेलात सहा-सात लसूण पाकळ्या व जिरे परतून त्यात ती घालावीत आणि पाणी आटेपर्यंत हलवावे. मग सुपारीएवढा गूळ, मीठ आणि दोन चमचे कांदा-लसूण मसाला घालून खलबत्त्यात भरड कुटावे. ही चटणीदेखील काचेच्या बरणीत ठेवावी, पितळी डब्यात नको. आठवडाभर ती ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर पुरते, आणि आमच्या घरी बोंडे पुन्हा कधी भिजवणार, ही विचारणा सरबतापेक्षा तिच्याचसाठी होते.